गोवराची लस, डे-केअर आणि आपले सोमाली शेजारी

नमस्कार मंडळी,

आमची लेक साडेआठ महिन्यांची आहे. तिच्या डे-केअरमध्ये सोमाली मुलं बरीच आहेत. परवा एक मैत्रीण म्हणाली, त्या लोकांत गोवराची लस देतच नाहीत, लेकीला तिथून काढ. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. डिसेंबरात पुण्याला जायचंय. दुसरं डे-केअर शोधू का? कुणाला अनुभव असेल तर कळवा.

ब्लूमिंग्टनहून (मिनेसोटा, अमेरिका), एक आई

---

अगं, तुला एकेरीत लिहितेय, राग मानू नकोस. माझी लेक तुझ्याच वयाची असेल. मिनिआपोलिसला मुलांच्या दवाखान्यात नर्स म्हणून मला वीस वर्षं झाली.

आधी तुझ्या बाळाचं बघू. इथे एमएमआरचा, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लसीचा, पहिला डोस वर्ष पूर्ण झाल्यावर देतात, पण परदेशी जाणाऱ्या बाळाला सहाव्या महिन्यानंतर एक जादा डोस देता येतो. निघण्याआधी निदान दोन आठवडे तो घे. तो हिशेबात धरत नाहीत, पुढचे दोन्ही डोस द्यायचेच. उद्याच डॉक्टरांना फोन कर. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेला तरी विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो, त्यामुळे नुसतं डे-केअर बदलून घोर मिटायचा नाही. आणि गोवर आपल्याकडेही आहे. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला साथ आली तेव्हा लहान लहान मुलं दगावली.

आता ‘त्या लोकांत देतच नाहीत’ याबद्दल. हे वाचून मला फार वाईट वाटलं. मिनेसोटात जन्मलेल्या सोमाली मुलांपैकी 92 टक्के मुलांना 2004 साली दोन वर्षांच्या आत ही लस मिळालेली असायची. सोमालियातल्या यादवीतून जीव वाचवून, केनियातल्या छावण्यांत दिवस काढून आलेली ही माणसं. गोवर म्हणजे काय, हे त्यांना आपण सांगायची गरज नव्हती. 2014 पर्यंत तो आकडा 42 वर आला.

मधल्या काळात काय झालं, ते मी जवळून पाहिलंय. 2008 च्या सुमारास सोमाली आईबापांच्या लक्षात आलं, की ऑटिझमसाठीच्या (स्वमग्न मुलांच्या) बालवर्गांत आपलीच मुलं जास्त दिसताहेत. त्यांच्या भाषेत या दुखण्याला धड शब्दही नव्हता. ‘असं का?’ म्हणून ते विचारत राहिले आणि आम्हा दवाखान्यातल्या लोकांकडे उत्तर नव्हतं. उत्तर घेऊन आले ते लसविरोधक: म्हणे एमएमआरमुळे ऑटिझम होतो. असा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफील्ड या ब्रिटिश डॉक्टरचा 1998 चा 12 मुलांवरचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं 2010 मध्ये मागे घेतला, ब्रिटनमध्ये त्याची डॉक्टरकीची नोंदणी रद्द झाली, आणि तरी तो इथे येऊन या आईबापांना भेटला. मिनेसोटा विद्यापीठाची पाहणी आली 2013 मध्ये: ऑटिझमचं प्रमाण सोमाली आणि गोऱ्या मुलांत जवळपास सारखंच, पण सोमाली मुलांत त्याच्या जोडीला बौद्धिक अपंगत्व जास्त. म्हणजे आईबापांची काळजी खोटी नव्हती, बोट तेवढं चुकीच्या जागी ठेवलं गेलं होतं. तोवर भीती घराघरांत पोचली होती. 2011 मध्ये गोवर आला, 2017 मध्ये 75 रुग्ण झाले, त्यांतली बहुतेक सोमाली मुलं, आणि 2024 मध्ये राज्यात पुन्हा 70.

गेल्या महिन्यात एक आई आली होती. पंधरा महिन्यांचा मुलगा तिच्या हिजाबाचं टोक चोखत मांडीवर बसलेला. बाकीच्या सगळ्या लसी वेळेवर दिलेल्या, एमएमआरला मात्र ‘आत्ता नको’. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, “हा आत्ता कुठे ‘होयो’ म्हणायला लागलाय.” होयो म्हणजे आई. नणंदेचा मुलगा याच वयात बोलायचा थांबला, म्हणून हा नीट बोलता झाला की देईन, म्हणाली. अशा कितीतरी आया तीन-चार वर्षं थांबतात आणि तेवढ्यात गोवर गाठतो. ऑटिझमची खूण ज्या वयात दिसू लागते, त्याच वयात हा डोस येतो, म्हणून दोन्हींची सांगड बसते, असं मी तिला सांगितलं. लाखो मुलांवर केलेल्या अभ्यासांत संबंध आढळला नाही, हेही सांगितलं. पण तिनं पहिल्यांदा मान वर करून पाहिलं ते मी नणंदेच्या मुलाची चौकशी केली तेव्हा. त्याच्याबद्दल ती बराच वेळ बोलत होती. लस त्या दिवशी नाही घेतली, पण पुढची तारीख घेऊन गेली.

त्या डे-केअरमधल्या आयांशी बोल गं. मुलं त्यांचीही आहेत.

---

मावशी,

डॉक्टरांनी पुढच्या मंगळवारची वेळ दिलीये. डे-केअर बदलत नाही. मी वर ‘त्या लोकांत’ असं लिहायला नको होतं.

एक विचारायचंय. ह्यांचं लहानपणीचं लसीचं कार्ड सापडत नाही. सासूबाई म्हणतात, गोवर येऊन गेलाय, पण वर्ष आठवत नाही. काय करू?

---

रक्ततपासणी करा, नाहीतर सरळ एमएमआर घेऊ दे त्यांना. आधी गोवर येऊन गेला असला तरी लसीनं काही बिघडत नाही. तुझं कार्डही बघ. दोन डोसांची नोंद हवी.

आणि त्या आईची तारीख गुरुवारी आहे. नणंदेलाही घेऊन ये, असं मी सांगितलंय.