मानेच्या नसेत स्टेंट टाकल्यावर विसरभोळेपणा: 3000 पर्यंत काय घ्यावं?

यावल_केळीबाग:
वडील 68. उजवा हात 10 मिनिटं लुळा पडला होता, म्हणून तपासलं तर मानेतली डावी नस 80% अरुंद. स्टेंट टाकून 5 आठवडे झाले. चालणं-बोलणं ठीक, पण नावं आठवत नाहीत, केळीच्या पट्टीचा (विक्रीच्या पावतीचा) हिशोब दोन-दोनदा विचारतात. बीपी मशीन घेऊ, मेमरी गेमचं अ‍ॅप घेऊ की ब्राह्मीचं टॉनिक? बजेट 3000. त्याच्या वर नको.

भुसावळ_गॅजेट:
10 इंची टॅब घ्या, 16-17 हजारांत चांगला येतो. सगळे गेम त्यावर मोठे दिसतात.

तापीकाठ:
बजेट वाचलं का भाऊ? आणि गेम खेळून माणूस त्या गेममध्ये हुशार होतो, पट्टीच्या हिशोबात नाही.
स्टेंट पक्षाघात टाळायला टाकतात, स्मरणशक्ती वाढवायला नाही. त्यानंतर काहींची तरतरी वाढते, बऱ्याच जणांची होती तशीच राहते, थोड्यांची घटते. घटते त्याचं एक कारण, तार आत सरकताना नसेतल्या थराचे बारीक कण सुटून मेंदूत जातात. ताजी इजा दाखवणाऱ्या डिफ्यूजन एमआरआयवर ती खूण साधारण 2 आठवड्यांत फिकी पडते, त्यामुळे आता ‘नवीन कण गेले का’ बघायला एमआरआय करून पैसे घालवू नका.
न्यूरॉलॉजिस्टकडे मराठीतली मोका टेस्ट करा, म्हणजे स्मरण आणि विचार तपासणारी छोटी प्रश्नावली. 30 गुण, 26 च्या खाली आले तर पुढे बघतात. शिक्षण 12 वर्षं किंवा कमी असेल तर 1 गुण वाढवून देतात. स्टेंटच्या आधी केली नसेल तर तुलनेला काही नाही, म्हणून आताचा आकडाच पाया धरा. 3-4 महिन्यांनी परत, पण वेगळ्या प्रश्नांची आवृत्ती मागा. नाहीतर पाठ झालेले शब्दच ते सांगतील.

अमळनेर_ताई:
मोका टेस्ट करा, तीच चांगली. ऐकू नीट येतं का तेही बघा. जे ऐकलंच नाही ते आठवणार कसं?

धुळे_मेडिकल:
टॉनिकच्या बाटलीवरचे घटक वाचा. जिंकगो (स्मरणशक्तीच्या टॉनिकात घालतात ती वनस्पती) असेल तर नको. अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना रक्तस्रावाचा धोका वाढतो. या दोन्ही गोळ्या स्टेंटनंतर निदान महिनाभर एकत्र, मग डॉक्टर एक बंद करतात. आपल्या मनाने करायची नाही.
अ‍ॅसिडिटीला ओमेप्राझोल चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, त्याने क्लोपिडोग्रेलचा असर कमी होतो. पँटोप्राझोल त्या मानाने बरी. सर्दीच्या सेटिरिझिन-क्लोरफेनिरामिन गोळ्या आणि झोपेची गोळी या वयात डोकं बधिर करतात, आधी त्या तपासा. बी12, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), सोडियम, साखर करून घ्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी12 हमखास बघा.

रावेर_जुना_सभासद:
स्टेंटपेक्षा नस उघडून साफ करायचं ऑपरेशनच करायला हवं होतं. स्टेंट आणि ऑपरेशनची तुलना करणाऱ्या 2010 च्या क्रेस्ट अभ्यासात स्टेंटवाल्यांना पक्षाघात जास्त झाले.

तापीकाठ:
आणि ऑपरेशनवाल्यांना हार्ट अटॅक जास्त. तराजू साधारण सत्तरीच्या आसपास ऑपरेशनकडे झुकतो, हे 68 चे आहेत. टाकून झालाय स्टेंट, आता काढायचा का?

रावेर_जुना_सभासद:
मी फक्त माहिती दिली.

जळगाव_सावली:
मशीन दंडाचंच घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या घेराला बसणारा हवा. छोटा असेल तर आकडा जास्त येतो. 5 मिनिटं शांत बसून, 1 मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळ-संध्याकाळ. आठवड्यातून एकदा उभं राहून 1 आणि 3 मिनिटांनी मोजा. वरचा आकडा 20 ने उतरला तर डॉक्टरांना कळवा. मे महिन्यात 44-45 डिग्रीत लघवीची गोळी आणि कमी पाणी झालं की बीपी पडतो, माणूस गोंधळतो आणि घरचे म्हणतात विसरायला लागले. पाणी किती चालेल ते मात्र विचारून.

नंदुरबार_खवय्या:
शेवभाजी बंद करा. मीठ!

अमळनेर_ताई:
शेवभाजीपेक्षा पापड आणि लोणच्यात जास्त. उन्हाळी वाळवणं सुरू झालीत ना.

नंदुरबार_खवय्या:
पापड सोडणं म्हंजे जेवणच सोडणं, ताई.

तापीकाठ:
राहिलं एक. डॉप्लर (नसेतल्या रक्ताचा वेग बघणारी सोनोग्राफी) पुन्हा कराल तेव्हा सोनोग्राफीवाल्याला स्टेंट आहे हे सांगा. स्टेंटच्या नसेत वेग मुळातच जास्त दिसतो, नाहीतर ‘पुन्हा अरुंद’ असा रिपोर्ट यायचा. आणि तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलं तर 108. गोळी सुरू आहे म्हणून वाट बघायची नाही. गाठ विरघळवायच्या इंजेक्शनला साडेचार तासच असतात.

यावल_केळीबाग:
सगळ्यांचे आभार. टॉनिक रद्द, गेम रद्द. मोकासाठी पुढच्या महिन्याची तारीख घेतली. पट्टीचा हिशोब रोज त्यांनाच वहीत लिहायला देतोय. मशीन मात्र मनगटाचंच घेतलं, 1450 ला. दंडाला पट्टा बांधूच देत नाहीत.

जळगाव_सावली:
मग मनगट छातीच्या उंचीला धरा. 10 सेंटिमीटर खाली राहिलं तरी आकडा 7-8 ने वाढतो. कोपराखाली उशी ठेवा आणि पहिल्या भेटीत डॉक्टरांच्या मशीनशी ताडून बघा.