शब्दचर्चा : संकेतांतर, लिप्यंतर आणि सीमधला ‘कॅर’

प्रश्न
नमस्कार मंडळी. डिप्लोमाच्या मुलांसाठी सी प्रोग्रामिंगची टिपणं मराठीत करते आहे. ‘कॅरेक्टर एनकोडिंग कन्व्हर्जन’ला काय म्हणावं? ‘लिप्यंतर’ लिहिलेलं पाहिलंय, पण ते खटकतं. आणि ‘कॅर’ (char) या सीमधल्या डेटाप्रकाराला सरळ ‘अक्षर’ म्हटलं तर चालेल ना?

प्रतिसाद १
लिप्यंतर नकोच. ‘पुणे’ रोमनमध्ये लिहिलं की ते लिप्यंतर. इथे देवनागरी देवनागरीच राहते, बदलतात ते मागचे आकडे, म्हणजे संगणक प्रत्येक चिन्ह ज्या आकड्यांत साठवतो ते. इस्कीत, म्हणजे १९९१च्या भारतीय मानकात, ‘म’ एका बाइटमध्ये मावतो; त्याची किंमत २०४. यूटीएफ-८मध्ये, म्हणजे युनिकोड साठवण्याच्या एका पद्धतीत, त्याच ‘म’ला तीन बाइट लागतात : २२४, १६४, १७४. या कामाला मी ‘संकेतांतर’ म्हणेन. भाषांतर, रूपांतर यांच्याच घडणीचा शब्द आहे, मुलांना फोड करून सांगावी लागणार नाही. एनकोडिंग म्हणजे ‘संकेतन’. ‘कूटलेखन’ एनक्रिप्शनसाठी राखून ठेवा. इथे कुणापासून काही लपवायचं नाहीये.

आणखी एक कारण. सीमध्ये संकेतांतर करणारं फंक्शन म्हणजे ‘आयकॉन्व्ह’; त्याची तयारी करणाऱ्या ‘आयकॉन्व्ह_ओपन’मध्ये, ग्नूच्या आवृत्तीत, लक्ष्य-संकेतनाच्या नावापुढे दोन तिरक्या रेघा देऊन ‘ट्रान्सलिट’ जोडता येतं. मग लक्ष्यात नसलेल्या चिन्हाच्या जागी जवळचं चिन्ह बसवलं जातं, उदाहरणार्थ वळणदार अवतरणाच्या जागी सरळ. सगळ्यालाच लिप्यंतर म्हटलं तर या सोयीला काय म्हणणार? ती ‘पर्यायी चिन्ह देणे’ अशी वेगळी सांगा. त्याच ठिकाणी हेही ठळक लिहा, की या फंक्शनला आधी ‘कशात’ आणि मग ‘कशातून’ द्यायचं असतं. आपण मराठीत ‘इस्कीतून यूटीएफ-८मध्ये’ म्हणतो, त्याच्या बरोबर उलट. (इस्कीचा रूपांतरक आयसीयू या युनिकोडसाठीच्या लायब्ररीत आहे, हे जाता जाता.)

प्रतिसाद २
‘कॅर’ला अक्षर म्हणू नका, ही कळकळीची विनंती. सीमध्ये कॅर म्हणजे एक बाइट, बस्स. ‘क्षि’ घ्या. वाचणाऱ्याला ते एक अक्षर. युनिकोडमध्ये क, हलन्त, ष आणि पहिली वेलांटी अशी चार चिन्हं. यूटीएफ-८मध्ये बारा बाइट, म्हणून लांबी मोजणारं ‘स्ट्रलेन’ १२ सांगतं. ‘अक्षरांची संख्या’ शिकलेलं मूल इथे अडतं आणि आपलीच समज कच्ची आहे असं समजतं. कॅर कॅरच राहू द्या. युनिकोडच्या एककाला ‘चिन्ह’ म्हणा आणि ‘अक्षर’ वाचणाऱ्यासाठी ठेवा. ‘डब्ल्यूकॅर_टी’ या रुंद कॅरनेही सुटका नाही : लिनक्सवर तो सहसा चार बाइटचा, विंडोजवर दोनचा.

प्रश्नकर्ती
पटलं. मग आयकॉन्व्ह ज्या त्रुटी कळवतं त्यांच्या नावांचं काय? ‘ईइनव्हॅल’ला ‘अवैध’ लिहिलंय.

प्रतिसाद १
इथे मात्र नावावर जाऊ नका. ‘आयकॉन्व्ह’कडून ईइनव्हॅल आलं तर अर्थ असा, की मजकूर शेवटी अर्धवट तुटलाय. फाइल ४०९६ बाइटच्या तुकड्यांनी वाचताय आणि मजकूर सलग देवनागरी आहे असं धरा. ४०९६ला तीनने भागलं की एक उरतो, म्हणजे तुकड्याच्या टोकाला एका चिन्हाचा पहिलाच बाइट येतो, उरलेले दोन पुढच्या तुकड्यात. मजकुरात काहीही चुकलेलं नाही. तो उरलेला बाइट बफरच्या, म्हणजे वाचलेला तुकडा ठेवतो त्या जागेच्या, सुरुवातीला आणायचा आणि त्याच्या मागे पुढचं वाचायचं. ‘अवैध’ वाचून मुलं तो बाइट टाकून देतील आणि एक धडधाकट चिन्ह हकनाक जाईल. ‘अपुरा’ लिहा. ‘अवैध’ हा शब्द ‘ईआयएलसेक’ला द्या, कारण खरोखर चुकीचे बाइट तिथे सापडतात. ‘ईटूबिग’ म्हणजे फलित ठेवायला जागा कमी पडली. इस्कीचा एक बाइट तीन होतो हे वर आलंच आहे, त्यामुळे बफर आधीच मोठा घ्यायला सांगा.

प्रतिसाद ३
डीटीपीवाले ‘युनिकोड करून द्या’ म्हणतात, तेही संकेतांतरच का?

प्रतिसाद २
जुन्या फाँटमधला मजकूर असेल तर नाही. तिथे आकडा चिन्हाचा नसतो, फाँटमधल्या आकाराचा असतो. ‘कि’मधली वेलांटी कागदावर आधी दिसते म्हणून साठवतानाही आधीच येते, युनिकोडमध्ये क आधी आणि वेलांटी नंतर. म्हणजे आकडे बदलून भागत नाही, क्रमही लावावा लागतो, आणि तोही प्रत्येक फाँटचा तक्ता पाहून. आयकॉन्व्हला हे जमणारं नाही. त्याला ‘फाँट-रूपांतर’ म्हणा आणि टिपणांत वेगळा परिच्छेद द्या.