हिमोग्लोबिन काठावर पास, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) ९. लोहाची गोळी दिवसात बसवायची कुठे?

नमस्कार मंडळी,

वय ४१, राहायला डोंबिवली, ऑफिस फोर्टला. गेले काही महिने अंगात त्राणच नाही. लेडीज डब्यात बसायला मिळालं तर मुलुंड यायच्या आत डोळा लागतो, पुलाचा जिना चढला की धाप लागते, आणि विंचरताना केसांचा पुंजका हातात येतो. घरच्यांचं मत, "चाळिशी उलटली, होणारच." शेवटी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन १२.१, फेरिटिन मात्र ९. बी१२ आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) ठीक. डॉक्टरांनी फेरस अ‍ॅस्कॉर्बेट १०० मिग्रॅ ही लोहाची गोळी लिहून दिली, रोज एक, रिकाम्या पोटी.

आता खरी अडचण. सकाळी सहाला थायरॉइडची गोळी असते. ती आणि लोह यांत चार तासांचं अंतर हवं. मग दहाचा चहा (तो सोडायला सांगू नका, भांडण होईल), दीडला डबा, चारला परत चहा, रात्री जेवणानंतर कॅल्शियम; या सगळ्यांच्या जवळ घेतली तर लोह कमी शोषलं जातं. संध्याकाळी निघताना गोळी घेऊन पाहिली, तर ठाण्यापर्यंत मळमळत होतं. बद्धकोष्ठता वेगळीच.

सासूबाई रोज बीट किसून देतात. त्याने खरंच काही होतं का? मासे-मटण बुधवार, शुक्रवार, रविवार चालतं.

प्रतिसाद १

ताई, बीट रंगाने फसवतं, त्यात लोह फारसं नसतं. पालकातलं लोहही अंगी कमीच लागतं. त्यापेक्षा तिसऱ्या (शिंपल्या) आणा, कलेजी आणा; प्राणिज लोह शरीर सहज शोषून घेतं. वाराच्या दिवशी मोड आलेली मटकी किंवा कुळीथ, वर लिंबू सढळ हाताने पिळून. अळिवाचे लाडूही चांगले. पण फेरिटिन ९ असताना नुसत्या खाण्यावर साठा भरायचा म्हणजे वर्ष जाईल, गोळी सोडू नका.

वेळेचं म्हणाल तर साडेअकरा-बारा. थायरॉइडच्या गोळीला पाच तास होऊन गेलेले, चहाला दीड, डब्याला अजून अवकाश. सोबत लिंबूपाणी. आणि डॉक्टरांना दिवसाआडबद्दल विचारा. एक गोळी घेतली की शरीरात हेप्सिडिन (लोहाचं शोषण रोखणारं संप्रेरक) वाढतं आणि पुढचा दिवसभर लोह कमी शोषलं जातं, म्हणून हल्ली बरेच डॉक्टर एक दिवस सोडून द्यायला लागलेत. पोटाचा त्रासही कमी होतो. शी काळी झाली तर घाबरू नका, गोळीनेच होते. डांबरासारखी चिकट असेल तर मात्र दाखवा.

प्रतिसाद २

सगळे गोळीवर बोलताहेत, पण लोह जातंय कुठे? पाळीत अंगावरून जास्त जातं का? गाठी पडतात का? तसं असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन सोनोग्राफी करून घ्या. नाहीतर एकीकडून भरताय, दुसरीकडून गळतंय. आम्लपित्ताची गोळी रोज चालू असेल तर तीही सांगा, तिनेही लोह कमी शोषलं जातं. घरात लहान मूल असेल तर पाकीट वर ठेवा, मुलांना या गोळ्या जिवावर बेततात.

धागाकर्ती

धन्यवाद! गाठी पडतात, पहिले दोन दिवस तर दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं. सगळ्यांचंच असं असतं समजत होते. शनिवारची अपॉइंटमेंट घेतली. दिवसाआडचं आज फोनवर विचारते. थकवा उतरायला साधारण किती दिवस लागले, कुणी सांगेल का?

प्रतिसाद १

मला तीनेक आठवड्यांत जिना सोपा वाटू लागला. केसांना बरेच महिने लागले. बरं वाटलं म्हणून मध्येच थांबवू नका. साठा भरायला काही महिने जातात, फेरिटिन पुन्हा तपासून डॉक्टर सांगतील तेव्हाच बंद करा.