टेक्सासचं मल्टीस्टेट नर्सिंग लायसन्स कॅलिफोर्नियात चालतं का?

घरटं:
नमस्कार मंडळी. मी टेक्सासमध्ये आरएन म्हणजे रजिस्टर्ड नर्स आहे, नर्सिंग भारतात केलं, एनक्लेक्स ही इथली लायसन्सची परीक्षा पास होऊन सहा वर्षं झाली. आता नवऱ्याची बदली कॅलिफोर्नियात होतेय. माझ्या लायसन्सवर स्पष्ट मल्टीस्टेट लिहिलंय म्हणून मी निर्धास्त होते पण परवा रिक्रूटर म्हणाली की तिकडे हे चालणार नाही. मग परत परीक्षा द्यायची का? शिवाय आमची मॅनेजर म्हणतेय की तिकडून घरबसल्या आपल्या टेक्सासच्याच पेशंटचे डिस्चार्जनंतरचे फोन घे, ते तरी चालेल का? निम्मं घर माझ्या पगारावर चालतं हो, रिकामं बसून नाही भागणार.

रात्रपाळी:
ताई, रिक्रूटर बरोबर बोलली. मल्टीस्टेट म्हणजे कॉम्पॅक्टमध्ये, म्हणजे एकमेकांचं लायसन्स मानायच्या करारात, सामील झालेली राज्यं तेवढीच, कॅलिफोर्निया त्यात नाही. ॲरिझोनाला गेला असतात तर 60 दिवसांत तिथल्या नर्सिंग बोर्डाकडे अर्ज टाकायचा आणि तोवर जुन्यावरच काम, इतकं सोपं होतं. कॅलिफोर्नियाला मात्र एन्डॉर्समेंटने, म्हणजे आधीच्या राज्याच्या लायसन्सच्या आधारावर, वेगळं लायसन्स काढावं लागतं. परीक्षा परत नाही, एनक्लेक्स देशभर एकच आहे.
खरी अडचण आपल्या भारतातल्या शिक्षणाची. ट्रान्सक्रिप्ट म्हणजे विषय, तास आणि गुणांचा दाखला कॉलेजने थेट बोर्डाला पाठवावं लागतं आणि प्रत्येक विषयाची थिअरी आणि क्लिनिकल एकाच काळात झालंय का हे तिथलं बोर्ड बारकाईने बघतं. माझं मॅटर्निटीचं क्लिनिकल थिअरीच्या पुढच्या वर्षी दाखवलं होतं, त्यावरून अर्ज अडकला, इथून रात्री जागून कॉलेजला फोन करत होते, पाच महिने गेले आणि त्या काळात खूप रडले मी. म्हणून सांगते, सामान बांधायच्या आधी कॉलेजला फोन करा. बोटांचे ठसे कॅलिफोर्नियात गेल्यावर लाइव्ह स्कॅनने, म्हणजे मशीनवर डिजिटल, द्या, बाहेरून कार्डावर पाठवले तर जास्त वेळ लागतो. आणि टेम्पररी लायसन्सचा अर्ज सोबतच करा.

पायवाट:
फोनच्या कामाबद्दल. तुम्ही कुठे बसलात त्यापेक्षा पेशंट त्या वेळी कोणत्या राज्यात आहे हे आधी बघतात. पेशंट टेक्सासमध्ये असेल तर टेक्सासचं लायसन्स लागणार, म्हणजे ते रिन्यू करत राहा, सोडू नका. पण एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही, तुमचा कायमचा पत्ता कॅलिफोर्नियाचा झाला की तुमचं मल्टीस्टेट सिंगल स्टेट होतं, म्हणजे फक्त टेक्सासपुरतं. मग तोच पेशंट चार दिवस मुलीकडे ओक्लाहोमाला गेला असेल तर त्याला फोनवर सल्ला देणं तुमच्या लायसन्सच्या बाहेर जातं. त्यामुळे प्रत्येक फोनला पहिला प्रश्न, आत्ता कुठून बोलताय. आणि मॅनेजरचं तोंडी नको, एचआरकडून लेखी घ्या, उद्या तक्रार झाली तर बोर्डासमोर तुम्हीच उभ्या राहणार.

स्टेथो:
डॉक्टरांचं अजून वेगळं आहे. आमच्या कॉम्पॅक्टमध्ये एक लायसन्स सगळीकडे चालत नाही, प्रत्येक राज्याचं वेगळंच मिळतं, फक्त लवकर मिळतं. लायसन्स देणं हा इथे राज्यांचा अधिकार, सुप्रीम कोर्टाने 1889 मध्येच वेस्ट व्हर्जिनियाच्या एका डॉक्टरच्या केसमध्ये तो मान्य केला. पेशंटच्या बाजूने बघितलं तर मला हे पटतं, पण पन्नास राज्यांचे पन्नास फॉर्म कशाला हे अजून पटलेलं नाही.

घरटं:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज कॉलेजला फोन केला, क्लिनिकलच्या तासांचं रजिस्टर सापडलंय, तारखांसकट. रात्रपाळी ताई, फॉर्ममध्ये अडले तर मेसेज केला तर चालेल ना?