‘रेसिटेटिव्ह’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : सिम्फनी तासन्‌तास ऐकणारे कितीतरी जण ऑपेरा लागला की उठतात. त्यांच्या तक्रारीत ‘रेसिटेटिव्ह’, म्हणजे ऑपेरातलं बोलल्यासारखं गायलेलं संवादाचं गाणं, हमखास येतं. याला ‘पठण’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर : ‘पठण’ नको. पठणात सूर बांधलेला नसतो. रेसिटेटिव्हमध्ये अक्षरागणिक सूर लिहिलेला असतो, मोकळी असते ती लय. ‘संवादगायन’ जास्त जवळचं वाटतं. त्यातही कंटाळा येतो तो मुख्यतः ‘सेक्को’चा, म्हणजे कोरड्या प्रकाराचा. साथीला हार्प्सिकॉर्ड (पियानोसारखं जुनं वाद्य), बहुधा जोडीला चेलो, आणि अधूनमधून एखादा स्वरसंघ (कॉर्ड). दुसऱ्या, ‘अकोम्पान्यातो’ प्रकारात वाद्यवृंद साथ करतो, तो सहसा कुणाला खटकत नाही. मोत्सार्टच्या ‘फिगारोचं लग्न’मध्ये (१७८६) कथा बरीचशी सेक्कोत सरकते आणि आरियात, म्हणजे एकट्याच्या स्वतंत्र गाण्यात, पात्र थांबून मन उघडं करतं. सिम्फनीच्या श्रोत्याचा कान विषय (मुख्य सुरावट) मांडणं, मोडणं, दुसऱ्या पट्टीत नेऊन परत आणणं यावर पोसलेला असतो. सेक्कोत यातलं काही होत नाही. जे होतं ते शब्दांत, आणि इटालियन कळत नसेल तर हाती काहीच लागत नाही.

पुरवणी : पण ही तक्रार सरसकट लावू नये. मोत्सार्टचंच ‘जादूची बासरी’ (१७९१) हे झिंगश्पील (गाणी आणि बोलणं असलेलं जर्मन संगीत नाटक) आहे, त्यातले संवाद बोललेले आहेत. वाग्नरच्या ‘ट्रिस्टान आणि इझोल्डे’त आरिया आणि संवाद असे तुकडेच पडत नाहीत. तिथे जड जाते ती जवळपास चार तासांची लांबी.

आणखी एक उत्तर : माझ्या मते अनेकांचं खरं भांडण आवाजाशी असतं. ‘व्हिब्राटो’ला ‘कंप’ म्हणावं, ‘आंदोलन’ नव्हे, कारण आंदोलन संथ असतं. कंपात सूर सेकंदाला साधारण ५ ते ७ वेळा हलतो. वेग घटून पल्ला रुंदावला की नेमका सूर कोणता तेच कळेनासं होतं, आणि व्हायोलिनच्या नेमक्या सुराला सरावलेला कान वैतागतो. दुसरं, गायकाला मायक्रोफोनविना वाद्यवृंदापलीकडे पोचायचं असतं. वाद्यवृंदाचा जोर ५०० हर्ट्‌झच्या आसपास असतो, म्हणून गायक ३००० हर्ट्‌झच्या जवळपास ताकद एकवटतो. मोठ्या सभागृहात ही धार आवाज पोचवते, पण जवळून केलेल्या ध्वनिमुद्रणात तीच टोचते.

प्रश्न : आणि सोप्रानोचे, म्हणजे सर्वांत उंच पट्टीत गाणाऱ्या गायिकेचे, शब्द का कळत नाहीत?

उत्तर : तो उच्चाराचा दोष नाही. वरच्या सप्तकात मूळ सुराची कंपनसंख्या ‘इ’, ‘उ’ या स्वरांच्या पहिल्या अनुनादाच्या (तोंड-घशाची पोकळी जिथे आवाज उचलते त्या कंपनसंख्येच्या) वर जाते. गायिका जबडा उघडून अनुनाद वर सरकवते आणि सगळे स्वर ‘आ’कडे झुकतात. इटालियन श्रोत्यांचेही तिथे शब्द निसटतात. म्हणून प्रवेशाचं लिब्रेटो (ऑपेराची लिखित संहिता) आधी वाचावं.

सुरुवात ‘फिगारो’च्या दुसऱ्या अंकाच्या फिनालेपासून (अंकाच्या शेवटच्या भागापासून) करा. सुमारे वीस मिनिटं सलग संगीत, सेक्को अजिबात नाही. दोघांपासून सुरू होऊन अखेर सात जण एकत्र गातात, आणि ई फ्लॅट मेजर या पट्टीतून निघालेलं सगळं तिथेच परततं. सिम्फनीच्या श्रोत्याला हा आराखडा ओळखीचाच वाटेल.