‘लेबनॉन’: तोफेच्या दुर्बिणीतून दिसते तेवढेच युद्ध?

धागालेखक:
शमुएल माओझ हा दिग्दर्शक १९८२ च्या लेबनॉन युद्धात इस्रायली रणगाड्यावर गनर होता, आणि त्या अनुभवावरचा ‘लेबनॉन’ हा चित्रपट पडद्यावर यायला २००९ साल उजाडले. त्याच वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याला सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. युद्धाच्या पहिल्या दिवसाची ही कथा जवळजवळ संपूर्णपणे रणगाड्याच्या पोटात घडते आणि बाहेरचे जग तोफेच्या दुर्बिणीतून दिसते. समोरून येणाऱ्या मोटारीवर गोळा झाडायला गनर शमुलिक कचरतो आणि त्यांचाच एक जवान मरतो. पुढच्या वाहनावर तो झाडतो, तर त्यात कोंबड्या नेणारा म्हातारा असतो. सैनिकाला जे दिसले नाही ते प्रेक्षकालाही न दाखवणे, हाच मला युद्धपटाचा सर्वात प्रामाणिक मार्ग वाटतो.

प्रतिसाद १:
हा प्रामाणिकपणा फारच सोयीचा आहे. घरचे मारले गेलेली, मुलीला शोधणारी, अंगावरचे कपडे पेटलेली ती लेबनीज स्त्री काही क्षण दिसते आणि कॅमेरा पुन्हा गनरच्या घामेजल्या चेहऱ्यावर येतो. पहिल्या दिवसापाशीच थांबल्यामुळे त्या उन्हाळ्यातला बैरूतचा वेढा आणि सप्टेंबरातले साब्रा-शातिला या बैरूतमधल्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या वस्त्यांतले हत्याकांड आपोआप चौकटीबाहेर राहते. मारणाऱ्याच्या यातनेला दीड तास आणि मरणाऱ्याला काही मिनिटे, हे प्रमाण मला मान्य नाही.

धागालेखक:
प्रमाणाचा आक्षेप रास्त आहे, पण पुढच्या घटनांची चाहूल चित्रपटात आहे. रणगाड्यात आणलेल्या सीरियन कैद्याला एक फलांजिस्ट, म्हणजे इस्रायलच्या बाजूने असलेल्या लेबनीज ख्रिस्ती सशस्त्र संघटनेचा माणूस, अरबीतून भयंकर धमक्या देतो आणि भाषा न कळणारे इस्रायली सैनिक नुसते पाहत राहतात. साब्रा-शातिलात कत्तल करणारे फलांजिस्टच होते. बंदी आहे म्हणून फॉस्फरसच्या गोळ्यांना दुसरे नाव द्यायला सांगणारा अधिकारीही दिग्दर्शकाने झाकलेला नाही.

प्रतिसाद २:
माझी अडचण वेगळीच आहे. दुर्बिणीतून माणसांचे डोळे इतक्या जवळून दिसणे आणि तिच्या प्रत्येक हालचालीला यंत्राचा घरघराट जोडणे ही दिग्दर्शकाची रचना आहे, आणि ती प्रभावी आहे हे मी नाकारत नाही. सूर्यफुलांच्या शेताचे दृश्य तर सरळ रणगाड्याबाहेरून घेतलेले आहे. त्यामुळे ‘सैनिकाला दिसले तेवढेच’ हा दावा टिकत नाही. जो शेतासाठी बाहेर पडू शकला, तो त्या स्त्रीच्या घरातही जाऊ शकला असता. तो गेला नाही, ही त्याची निवड आहे आणि ‘तो स्वतः तिथे होता’ एवढ्यावर तिची चिकित्सा थांबवता येणार नाही.