मालवाहू विमानाचा वैमानिक: नोकरीची शाश्वती कितपत?

सुनीता, नाशिक
माझ्या मुलाला व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळाला असून, एका मालवाहू विमान कंपनीत सहवैमानिक म्हणून रुजू होण्याची संधी चालून आली आहे. घरातील वडीलधारी मंडळी मात्र ‘एवढा खर्च करून शेवटी पार्सलेच वाहायची का?’ असे विचारतात, आणि लग्नाचा विषय निघाला की हा मुद्दा हमखास पुढे येतो. लोकांचे बोलणे एक वेळ बाजूला ठेवता येईल. परंतु ही नोकरी कितपत टिकाऊ आहे आणि पुढे प्रवासी विमानांकडे वळता येते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त कॅप्टन, पुणे
सुनीताताई, परवाना तोच, सिम्युलेटरवरची परीक्षा तीच आणि वैद्यकीय तपासणीही तीच. फरक इतकाच की आमची बहुतेक उड्डाणे रात्री होतात आणि ती कोणाला दिसत नाहीत. उड्डाणापूर्वी पॅलेटवरच्या (माल रचून ठेवण्याच्या सपाट फळ्यांवरच्या) जाळ्या घट्ट आवळल्या आहेत ना, कुलपे बसली आहेत ना, याची खात्री करून घ्यावी लागते आणि धोकादायक मालाची यादी वाचून तिच्यावर कॅप्टनला सही करावी लागते. ही सही म्हणजे निव्वळ उपचार नव्हे. 3 सप्टेंबर 2010 रोजी दुबईहून निघालेल्या, यूपीएस या अमेरिकी पार्सल कंपनीच्या बोइंग 747 मालवाहू विमानात आग लागली. मालात लिथियम बॅटऱ्या होत्या, कॉकपिट धुराने भरले आणि दोन्ही वैमानिक दगावले.

नजरेआड राहण्याची किंमत मानापुरतीच मोजावी लागते असे नाही. अमेरिकेत वैमानिकांच्या विश्रांतीचे कडक नियम 2014 मध्ये लागू झाले, तेव्हा खर्चाच्या मानाने लाभ कमी, असा हिशेब मांडून मालवाहू कंपन्यांना त्यांतून वगळण्यात आले. रात्रभर जागणाऱ्यांनाच विश्रांतीच्या नियमातून वगळावे, हे मला आजही अन्यायाचे वाटते.

विमानदेखभाल अभियंता, नागपूर
शाश्वतीबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. 2020 च्या टाळेबंदीत प्रवासी विमाने जमिनीवर होती, तेव्हाही मालवाहू विमाने उडत होती, हे खरे आहे. मात्र या धंद्यात एक मोठा ग्राहक गेला किंवा मालकाने धोरण बदलले की पायाखालची जमीनच सरकते. डीएचएल या कुरिअर कंपनीने 2008 च्या अखेरीस अमेरिकेतील देशांतर्गत सेवा बंद करण्याचा निर्णय घेतला आणि ओहायोतील विल्मिंग्टन येथून तिच्यासाठी उड्डाणे करणाऱ्या कंपन्यांच्या शेकडो वैमानिकांवर गदा आली. आमच्या नागपुरातही 2009 मध्ये डेक्कन 360 या मालवाहू विमान कंपनीने मोठ्या उमेदीने आपले केंद्र उभारले. ती कंपनी काही वर्षांतच बंद पडली.

म्हणून मुलाने पगाराआधी विमानाचा प्रकार विचारावा. बोइंग 757 वापरणारी एकही प्रवासी कंपनी आज भारतात नाही, त्यामुळे त्या विमानाचे टाइप रेटिंग (त्या प्रकारचे विमान चालवण्याची वेगळी मान्यता) घेऊन इथे बाहेर पडणे अवघड जाते. 737 किंवा एअरबस 321 असेल, तर प्रवासी कंपन्यांचे दार उघडे राहते.

सुनीता, नाशिक
मनापासून आभार. करारातील कोणती अट विशेष काळजीपूर्वक पाहावी?

निवृत्त कॅप्टन, पुणे
प्रशिक्षणाच्या खर्चापोटी लिहून घेतला जाणारा बाँड किती वर्षांचा आहे, आणि कंपनीनेच कामावरून कमी केले तर तो माफ होतो का, हे लेखी घ्यावे. शिवाय डीजीसीए या नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या नियमानुसार सहवैमानिकाला राजीनाम्यानंतर सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष नोटीस द्यावी लागते, हेही हिशेबात धरावे.